दरवेळी त्याच क्रेटमधली कोंबडी का मरते? लांबच्या प्रवासातल्या मरतुकीचा माग

लांबच्या प्रवासात कोंबड्या नेल्या की एक-दोन मेलेल्या निघणारच, असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो. पक्षी नाजूक, रस्ता लांब, एवढं तर व्हायचंच. पण सलग तिसऱ्या खेपेला फाळका उघडून क्रेट उतरवताना एक गोष्ट खटकली. मेलेल्या कोंबड्या दरवेळी एकाच जागी सापडत होत्या: हौद्यात अगदी पुढे, केबिनच्या पाठीला टेकलेल्या थप्पीत, मधल्या क्रेटमध्ये. फाळक्याजवळच्या कोंबड्या वाऱ्याने पिंजारलेल्या असायच्या, पण माना वर काढून बघत असायच्या. नाजूकपणामुळे मरायच्या असत्या तर कुठेही मेल्या असत्या. एकाच जागी मरतात म्हणजे दोष जागेचा होता, आणि ती जागा मीच तशी करून ठेवली होती.

“सगळी काळजी घेतो, तरी प्रत्येक खेपेला दोन-तीन जातातच” ही ज्यांची तक्रार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मोठ्या कोंबड्या, सहा ते दहा तासांचा रस्ता, उघडी किंवा ताडपत्री बांधलेली गाडी, हे धरून बोलतो. मोटारीतून चार-पाच कोंबड्या नेणं आणि पिल्लं नेणं याचं गणित थोडं वेगळं आहे, ते पुढे येईल.

आधी माझ्या चुका. पहिल्या खेपेत मेल्या तेव्हा मला वाटलं, वारा बाधला. म्हणून दुसऱ्या खेपेला हौद्याचा पुढचा भाग तिन्ही बाजूंनी ताडपत्रीने घट्ट बांधून टाकला. तरी मेल्या. मग वाटलं, तहानेने गेल्या असतील. क्रेटमध्ये पाण्याची भांडी ठेवली. पहिल्याच खड्ड्यात ती सांडली, खालचा भुसा भिजला, त्यात विष्ठा मिसळली, आणि उतरवताना अमोनियाने माझेच डोळे चुरचुरायला लागले. शिवाय “रस्ता लांब आहे, पोटभर खाऊन निघू देत” म्हणून निघायच्या अर्धा तास आधी खाद्य टाकायचो. तिन्ही उपाय मायेने केलेले आणि तिन्ही दुखणं वाढवणारे.

चौथ्या खेपेला तारेचं टोक असलेले दोन स्वस्त थर्मामीटर घेतले. एक टोक पुढच्या थप्पीतल्या मधल्या क्रेटमध्ये, दुसरं फाळक्याजवळ, आणि दोन्ही पडदे केबिनमध्ये डोळ्यांसमोर. गाडी चालू असताना मागे २७ अंश, पुढे ३१. फरक होता, पण घाबरण्यासारखा नव्हता. मग आम्ही जेवायला थांबलो. पंचवीस मिनिटांनी परत येऊन बघतो तर मागे २९ आणि पुढे ३८. गाडी सुटल्यावर तो आकडा खाली यायला अर्धा तास लागला. त्या ३८ मध्ये मला आधीच्या तिन्ही खेपा दिसल्या.

पुढेच का, आणि थांबल्यावरच का

कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश असतं. तिला घाम येत नाही. अंग गार करायला तिच्याकडे तुरा, चोचीखालची लोंबती कातडी आणि पाय एवढेच पिसांविना भाग आहेत, आणि बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. तोंड उघडून भराभर श्वास घेतला की आतला ओलावा वाफ होऊन जातो आणि त्याबरोबर उष्णता जाते. हे कोरड्या, वाहत्या हवेत छान चालतं. कोंडलेल्या हवेत मात्र प्रत्येक धापेबरोबर ती आपल्याच भोवतीची हवा दमट करत जाते, आणि हवा दमट झाली की धापेचा उपयोग कमी होतो. मग ती आणखी जोरात धापा टाकते. शेजारच्या अकराजणीही तेच करत असतात. दोन किलोची कोंबडी स्वस्थ बसली तरी साधारण १० वॅट उष्णता सोडते. म्हणजे बारा कोंबड्यांचा क्रेट हा सव्वाशे वॅटचा हीटर झाला, आणि तो तुम्ही इतर क्रेटच्या मधोमध चेपून ठेवलाय.

वाऱ्याची गंमत तर मला फार उशिरा कळली. आपल्याला वाटतं गाडी पुढे जाते म्हणजे वारा पुढून मागे जातो, त्यामुळे पुढच्यांना ताजी हवा मिळते. केबिन किंवा हौद्याची पुढची भिंत उंच असेल तर हौद्याच्या आत घडतं ते उलटं. भिंतीच्या कडांवरून वारा वेगाने निसटतो, त्यामुळे तिच्या लगेच मागे दोन्ही बाजूंना दाब कमी होतो आणि तिथून हवा बाहेर ओढली जाते. तिची जागा घ्यायला हवा मागून आत शिरते आणि क्रेटमधून वाट काढत पुढे येते. पुढच्या थप्पीला मिळते ती बाकी सगळ्या कोंबड्यांनी वापरून गरम आणि दमट केलेली हवा. आणि मी नेमकी तिथेच ताडपत्री घट्ट बांधून तिची बाहेर पडायची वाटही बंद केली होती.

गाडी थांबली की हवेची ही ओढही बंद.

मग काय बदललं

ताडपत्री आता फक्त माथ्यावर असते, ऊन आणि पावसापुरती. बाजू उघड्या; थंडी-पावसाची शक्यता असेल तर गुंडाळून वर बांधून ठेवतो, गरज पडली तर सोडायला. केबिनची पाठ आणि पहिली थप्पी यांत वीतभर जागा. थप्प्यांमध्ये हाताचा पंजा जाईल एवढं अंतर, आणि ते प्रवासात बुजू नये म्हणून मध्ये लाकडाच्या पट्ट्या उभ्या बांधलेल्या. नुसतं अंतर सोडून भरली तर पहिल्या तीन ब्रेकमध्ये सगळे क्रेट पुढे सरकून एकमेकांना चिकटतात, हे अनुभवाने सांगतो. पुढच्या थप्पीतला मधला क्रेट मी रिकामा ठेवतो. त्यात दोरखंड, पिशव्या काही ठेवायचं नाही. तो हवेसाठी आहे.

क्रेटमध्ये किती भरायच्या हा दुसरा प्रश्न. युरोपीय संघाच्या जनावर-वाहतुकीच्या २००५ च्या नियमात १.६ ते ३ किलोच्या पक्ष्याला किलोमागे किमान १६० चौरस सेंटीमीटर जागा सांगितली आहे. तो कायदा तुम्हाला लागू असो-नसो, माप म्हणून चांगलं आहे. ९० बाय ६० चा क्रेट म्हणजे ५४०० चौरस सेंटीमीटर. दोन किलोच्या कोंबडीला ३२० लागतात. हिशोबाने सोळा बसतात. ही किमान जागा आहे, आणि उकाड्यात मी बाराच्या वर भरत नाही. पण सहाच भरणंही बरं नाही. ढिल्या क्रेटमध्ये वळणावर त्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला आपटतात. उंची एवढीच हवी की बसून मान ताठ करता यावी. एखादी उभी राहून पंख मारू शकली की बाकीच्या तिच्या पायाखाली येतात.

खाद्य निघण्याआधी चार ते सहा तास बंद. पाणी मात्र पकडायच्या क्षणापर्यंत समोर. भरल्या पोटी निघालेली कोंबडी अन्न उलटवते, क्रेट घाण करते, आणि अन्न पचतानाही अंगात उष्णता तयार होते, जी नेमकी आज नको आहे.

निघायची वेळ अशी की ऊन तापायच्या आत पोचू किंवा निदान शेवटचा तासच उन्हात जाईल. डिझेल आदल्या दिवशी भरायचं. टायरची हवा, कागदपत्रं, सुट्टे पैसे, थांबायला लावणारी प्रत्येक गोष्ट आधी उरकायची. दोन चालक असतील तर जेवण चालत्या गाडीत आळीपाळीने. थांबावंच लागलं तर दहा मिनिटं, सावलीत, आणि गाडी वाऱ्याला आडवी लावून, म्हणजे वारा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघेल. फाटकाशी किंवा कोंडीत अडकलो तर मी उतरून थर्मामीटरचा आकडा बघतो. पुढचं ३३ ओलांडलं की कडेची ताडपत्री वर आणि जमलं तर मागे वळून दुसरा रस्ता. लांब पण चालता रस्ता मला जवळच्या तुंबलेल्या रस्त्यापेक्षा केव्हाही चालतो.

पाण्याचं काय, हा प्रश्न येणारच. थंड वेळी सात-आठ तासांच्या प्रवासात निघताना आणि पोचल्यावर भरपूर पाणी मिळालं तर मध्ये भांडं लागत नाही. उन्हाळ्यात क्रेटमध्ये काकडीचे किंवा कलिंगडाचे तुकडे टाकतो. सांडत नाहीत आणि चोचीला ओल मिळते. बारा तासांच्या वर जाणार असेल तर मी तो एक प्रवास मानत नाही. मध्ये उतरवून रात्रभर खाणं-पाणी-विसावा, मग पुढे. वर सांगितलेल्या नियमातही खाण्या-पाण्याविना बारा तासांचीच मर्यादा आहे.

मेलेली कोंबडी काय सांगते

फेकून द्यायच्या आधी दोन मिनिटं बघा. कुठल्या क्रेटमध्ये, कशी पडली होती, हे लिहून ठेवा. तीन-चार खेपांत चित्र दिसायला लागतं.

पंख अंगापासून सुटलेले, मान लांब, चोच उघडी, तुरा काळपट-निळा आणि जागा मधली किंवा पुढची असेल तर उष्णता. हे सगळ्यात जास्त.

कोपऱ्यात एकावर एक, वरच्या जिवंत आणि तळातली चपटी झालेली, हे गुदमरणं. थंडीत ऊब शोधायला किंवा घाबरून त्या कोपऱ्यात कोंदतात. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती-पोटामधला श्वासाचा पडदा, नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच श्वास होतो. छाती दाबली गेली की नाक-तोंड मोकळं असूनही श्वास बंद. लहान मुलं कोंबडीला घट्ट कवटाळतात तेव्हाही हाच धोका असतो. मोठा क्रेट असेल तर मध्ये पुठ्ठा उभा करून दोन खण करा, ढीग लहान होतो.

कडेच्या क्रेटमधली, पिसं ओली आणि चिकटलेली असेल तर ती गारठून गेली. कोरड्या पिसांत कोंबडी बरीच थंडी काढते. भिजल्यावर वाऱ्यात काढू शकत नाही. इथे मात्र कडेची ताडपत्री हवी, पण मागचं तोंड आणि पुढच्या कडेची फट मोकळी ठेवूनच.

डोक्यावर-मानेवर रक्त, एकटीच मेलेली: भांडण. वेगवेगळ्या खुराड्यांतल्या कोंबड्या प्रवासात प्रथमच एकत्र आणू नका. कोंबडे वेगळे. लहान जातीच्या वेगळ्या. अंधारात त्या भांडत नाहीत, म्हणून क्रेटवर पातळ, हवा खेळेल असं गडद कापड टाकलं तरी बराच फरक पडतो.

पंख लोंबणारा, मांडी काळीनिळी असेल तर चूक रस्त्याची नाही, पकडणाऱ्याची. रात्री, मंद उजेडात पकडा. दोन्ही हातांनी, पंख अंगाशी धरून. पायांना धरून उलटं लटकवत नेण्याची सवय सुटत नाही, कारण पटापट काम होतं. पण उलटं धरलं की आतड्यांचा भार हवेच्या पिशव्यांवर येतो आणि आधीच घाबरलेली कोंबडी श्वासालाही महाग होते. हे मी पकडायला येणाऱ्या मुलांना दरवेळी सांगतो आणि दरवेळी पहिल्या दहा कोंबड्या तशाच येतात.

मोटारीतून चार-पाच नेताना

डिकीत नको, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं. मागच्या सीटवर किंवा सीट पाडून तयार झालेल्या जागेत क्रेट, पट्ट्याने बांधलेला, खाली जाड भुसा. एसी चालू, पण झोत थेट क्रेटवर नको. काचेतून येणारं ऊन सरकत असतं. निघताना सावलीत असलेला क्रेट दोन तासांनी पूर्ण उन्हात असतो, म्हणून त्या बाजूच्या काचेला कापड लावा. आणि बंद मोटारीत त्यांना ठेवून “पाच मिनिटांत येतो” म्हणून जाऊ नका. उन्हात उभी मोटार आतून पहिल्या दहा मिनिटांतच जवळपास १० अंशांनी तापते, अर्ध्या तासात वीसेक अंशांनी. काच चार बोटं खाली ठेवून फारसं काही होत नाही.

धाप लागलेली दिसलीच तर: बाहेर सावलीत काढा, वारा द्या, पाय साध्या गार पाण्यात बुडवा, तुरा ओला करा. बर्फाचं पाणी नको. चोचीचं टोक पाण्यात बुडवून तिला स्वतः पिऊ द्या. घशात पाणी ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या अगदी मागेच उघडं असतं आणि पाणी सरळ फुप्फुसात जातं. उष्णतेतून वाचलेली कोंबडी अशी बुडून गेलेली मी पाहिली आहे.

पिल्लं

एक दिवसाचं पिल्लू मोठ्या कोंबडीपेक्षा लांबचा प्रवास सहज सोसतं, हे ऐकून लोकांना खोटं वाटतं. अंड्यातून निघण्याआधी ते उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि साधारण ७२ तासांपर्यंत खाण्या-पाण्याविना त्यावर तग धरू शकतं. म्हणूनच एका दिवसाची पिल्लं दूरवर पाठवतात. चार-पाच दिवसांची पिल्लं मात्र पाठवू नका. बलक संपलेला, पिसं आलेली नाहीत, सगळ्यात वाईट वय ते.

पिल्लाला मोठीच्या उलट ऊब हवी. त्यांच्या अंगाशी ३२ अंशांच्या आसपास. खोक्यात पंचवीस-पंचवीसचे खण करा, म्हणजे एकमेकांची ऊबही मिळते आणि ढीगही होत नाही. तळाला गुळगुळीत वर्तमानपत्र अजिबात नको, पाय फाकतात आणि कायमचे तसेच राहतात. खरखरीत पुठ्ठा किंवा भुसा. बाकी कानाने कळतं: चिरका, न थांबणारा चिवचिवाट म्हणजे गारठली आहेत. एकदम शांत, अंग टाकून पसरलेली, चोची उघड्या म्हणजे तापली आहेत. मधली, बारीक कुजबुज हवी.

पोचल्यावर

इथेही एक मरतूक लपलेली असते, ती प्रवासाच्या खात्यात मांडली जात नाही. नीट पोचलेल्या कोंबड्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी शिंकायला लागतात, डोळे पाणावतात. प्रवासाच्या ताणाने अंगात दबून असलेला सीआरडी (श्वसनाचा जुनाट आजार), किंवा विष्ठेतून रक्त दिसलं तर कॉक्सिडिओसिस (आतड्यातल्या परजीवींचा आजार), डोकं वर काढतो. म्हणून जुन्या कळपात लगेच सोडू नका. तीन-चार आठवडे वेगळं खुराडं, वेगळी भांडी, आणि आधी जुन्यांचं काम उरकून मग नव्यांकडे जा. निघायच्या तोंडावर लसही देऊ नका, दोनेक आठवडे आधी उरका. आसपास बर्ड फ्लूची साथ असेल तर दोन्हीकडच्या पशुवैद्यकीय खात्याकडे विचारूनच गाडी काढा, आणि क्रेट धुऊन, जंतुनाशक मारून, उन्हात वाळवूनच परत भरा.

उतरवल्यावर आधी पाणी, शक्यतो इलेक्ट्रोलाइट घातलेलं. तासाभराने खाद्य, थोडंच. पहिला आठवडा खुराड्यातच कोंडून ठेवा, म्हणजे संध्याकाळी परतायची जागा त्यांना कळते. अंडी एक-दोन आठवडे बंद होतील, किंवा मऊ कवचाची येतील. काहींची पिसं गळतील. हे आपोआप सावरतं, औषधं शोधत बसू नका.

गेल्या तीन खेपांत पुढच्या थप्पीतली एकही गेली नाही. शेवटच्या खेपेत एक गेली, फाळक्याजवळच्या क्रेटमधली. तळाच्या जाळीच्या भोकातून पाय खाली गेला आणि खालच्या क्रेटच्या झाकणात अडकला. आता प्रत्येक क्रेटच्या तळाला पुठ्ठा घालतो आणि त्यावर भुसा. पुठ्ठा बाजूंनी वर वळवायचा नाही, नाहीतर हवेची खालची भोकं बुजतात. पहिल्या वेळी मी तोही वळवलाच होता, भरायच्या आधी लक्षात आलं आणि कात्रीने कापून टाकला.